टीव्हीचे पैसे फोनवरूनच भरा: छत्री, डबा, स्टिक आणि स्मार्ट टीव्हीसाठी सविस्तर मार्गदर्शन

यवतमाळ किंवा वाशीमकडच्या कुठल्याही गावात आज एकाच गल्लीत तीन तऱ्हेचे टीव्ही दिसतात. एका घरावर फ्री डिशची छत्री असते. शेजारी कंपनीचा रिचार्जवाला डबा असतो. ज्या घरचा मुलगा नागपूर-पुण्याला नोकरीला आहे, तिथे स्मार्ट टीव्ही किंवा जुन्या टीव्हीला मागून लावलेली स्टिक असते. तिन्हींचे पैसे भरायची रीत वेगळी आहे आणि फसायची जागाही वेगळी आहे. आधी आपल्या घरात यातलं काय आहे ते पाहा आणि मग तो भाग नीट वाचा. टीव्हीवर पिन का टाकायचा नाही आणि पैसे अडकले किंवा गेले तर काय करायचं, हे भाग मात्र सगळ्यांनीच वाचावेत.

टीव्हीवर पिन का टाकायचा नाही

यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं. त्याची सुरक्षा तीन गोष्टींवर उभी आहे: तुमचं सिम, तुमचा फोन आणि तुमचा चार किंवा सहा आकडी पिन. ॲप पहिल्यांदा सुरू करताना त्या सिमवरून आपोआप एक एसएमएस जातो आणि ॲप त्या सिमशी व त्या फोनशी बांधलं जातं. त्यामुळे कोणाला तुमचा पिन नुसता कळला, तरी दुसऱ्या फोनवरून त्याला पैसे काढता येत नाहीत. टीव्हीत सिम नसतं. रिमोटने एकेक आकडा निवडताना तो पडद्यावर मोठ्ठा दिसतो आणि मॅच बघायला ओसरीवर जमलेल्या सगळ्यांना वाचता येतो.

म्हणून टीव्हीच्या पडद्याने फक्त मागणी दाखवायची: किती रुपये, कोणाला, कशासाठी. पैसे द्यायचं काम फोनवर करायचं. स्मार्ट टीव्हीसारख्या नेटला जोडलेल्या उपकरणांमधून यूपीआयने पैसे देण्याची सोय एनपीसीआयने, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने, २०२५ मध्ये जाहीर केली आहे. पण तिच्यासाठीही परवानगी आणि खर्चाची मर्यादा आधी फोनवरच ठरवावी लागते. टीव्हीचा पडदा यूपीआय पिन, एटीएमचा पिन किंवा बँकेचा ओटीपी मागत असेल, तर तिथेच थांबा आणि टीव्हीचं नेट बंद करा.

आधी एक वेगळं खातं

टीव्हीच्या खर्चासाठी छोटं, वेगळं बचत खातं ठेवा आणि यूपीआय ॲपात तेच जोडा. ज्या खात्यात पीएम किसानचा हप्ता, पीकविम्याची रक्कम किंवा कापसाचा चुकारा येतो, ते खातं टीव्हीच्या कोणत्याही वर्गणीला जोडू नका. वर्गणीचे पैसे ठरलेल्या तारखेला आपोआप कापले जातात. त्याच आठवड्यात खतासाठी राखलेले दोन हजार रुपये खात्यात असले, तर कापणाऱ्याला त्याची काही कल्पना नसते. छोट्या खात्यात हजार-दीड हजाराच्या वर रक्कम ठेवू नका. काही बिघडलं तरी नुकसान तेवढ्यावरच थांबतं. हे खातं उघडताना किमान शिल्लक किती ठेवावी लागते ते विचारून घ्या. जनधनसारख्या मूळ बचत खात्याला किमान शिल्लक लागत नाही.

केसीसीचं, म्हणजे किसान क्रेडिट कार्ड, टीव्हीसाठी वापरूच नका. ते कर्जखातं आहे आणि त्यातून गेलेल्या रुपयावर व्याज चढतं.

डेबिट कार्ड नाही म्हणून यूपीआय सुरू होत नाही, असं अजूनही बरेच जण समजतात. आधारला आणि बँकेला एकच मोबाइल नंबर जोडलेला असेल, तर आधारच्या ओटीपीवरून यूपीआय पिन तयार करता येतो. ही सोय तुमची बँक देते का, ते ॲपात खातं जोडताना समजतं.

फ्री डिश: इथे भरायचं काहीच नाही

डीडी फ्री डिश ही प्रसार भारतीची सेवा २००४ पासून चालू आहे. छत्री, डबा आणि बसवणाऱ्याची मजुरी हा एकदाचा खर्च असतो. त्यानंतर महिन्याला, वर्षाला, कधीही रिचार्ज लागत नाही. "तुमच्या फ्री डिशची मुदत संपली, नूतनीकरणाचे १९९ रुपये भरा" असा मेसेज आला किंवा कोणी दारावर येऊन असं म्हणालं, तर ती फसवणूक आहे.

चॅनल अचानक गेले असतील तर त्याचं कारण बहुतेक वेळा छतावर सापडतं. वाऱ्याने छत्री हलते, एलएनबीत (छत्रीसमोरच्या दांड्यावरच्या सिग्नल पकडणाऱ्या भागात) पाणी शिरतं, वायरचा जोड गंजतो किंवा माकडं छत्रीवर बसतात. चॅनलची यादी वेळोवेळी बदलत असते, तेव्हा डब्याच्या मेन्यूतून चॅनल पुन्हा शोधायचे असतात. हे काम घरच्या घरी पाच-दहा मिनिटांत होतं आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

रिचार्जवाला डबा: क्रमांकापासून सुरुवात

डब्याच्या रिचार्जमध्ये सगळा खेळ ग्राहक क्रमांकाचा असतो. टाटा प्ले आणि एअरटेलचा क्रमांक दहा आकडी असतो, डिश टीव्हीच्या व्ह्यूइंग कार्डाचा अकरा आकडी. रिमोटवरचं मेन्यू किंवा होम बटण दाबून 'माझं खातं' या अर्थाच्या पानावर गेलात की तो दिसतो. रिचार्ज संपल्यावर येणाऱ्या निळ्या-काळ्या पडद्यावरही तो बहुधा लिहिलेला असतो. डब्याच्या खालच्या स्टिकरवरून उतरवून घेताना मात्र जपा. तिथे दोन-तीन क्रमांक एकाखाली एक छापलेले असतात आणि लोक हमखास डब्याचा अनुक्रमांक भरून बसतात. पडद्यावरचा क्रमांक भरवशाचा. त्याचा फोनवर फोटो काढून ठेवा.

आता फोनवर यूपीआय ॲप उघडा आणि बिल व रिचार्जच्या भागात डीटीएच निवडा. ही बिलं भारत कनेक्ट नावाच्या व्यवस्थेतून जातात. तिचं आधीचं नाव भारत बिल पेमेंट. पुढे कंपनी निवडा. डिश टीव्ही आणि डी-टू-एच ही नावं जवळजवळ असतात, त्यात गल्लत होते. क्रमांक टाकल्यावर बहुतेक कंपन्यांच्या बाबतीत ग्राहकाचं नाव, शिल्लक आणि महिन्याची रक्कम समोर येते. नाव तुमच्या घरचं आहे ना, ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. एक आकडा चुकला तर पैसे दुसऱ्याच्या डब्यात जातात, आणि झालेला रिचार्ज परत मिळवणं फार जिकिरीचं असतं. नाव जुळलं की रक्कम टाका, छोटं खातं निवडा, पिन टाका. शेवटी येणाऱ्या पावतीचा स्क्रीनशॉट घ्या. तिच्यावरचा व्यवहार क्रमांक पुढे तक्रारीत लागतो.

पैसे भरताना डबा चालू हवा, आणि याच जागी सगळ्यात जास्त चूक होते. रिचार्ज झाला की कंपनीकडून चॅनल उघडण्याचा आदेश उपग्रहावरून छत्रीमार्गे डब्यात येतो. तो काही वेळ पुन्हापुन्हा पाठवला जातो. त्या वेळात डबा बंद असला, गावची लाइन गेलेली असली किंवा श्रावणातली झड लागून सिग्नलच नसला, तर आदेश डब्यापर्यंत पोचत नाही. पैसे कापल्याचा मेसेज येतो, पडदा मात्र तसाच राहतो. माणूस घाबरून दुसऱ्यांदा रिचार्ज करतो. तसं करू नका. लाइन आणि सिग्नल परत आले की डबा चालू करून एकाच चॅनलवर पंधरा-वीस मिनिटं राहू द्या. तरीही चॅनल आले नाहीत तर कंपनीच्या ॲपातून किंवा नोंदवलेल्या मोबाइलवरून 'रिफ्रेश' मागवा. रिफ्रेश म्हणजे तोच आदेश पुन्हा पाठवणं. त्याला पैसे पडत नाहीत.

मेळघाटात, गडचिरोलीच्या आतल्या भागात किंवा झरी-केळापूरकडच्या पोडांवर घरात नेट धरत नाही. तिथे पैसे भरायला डब्यापाशी बसण्याची गरजच नाही. ग्राहक क्रमांकाचा फोटो फोनमध्ये घ्या, घरी डबा चालू ठेवायला सांगा आणि जिथे चांगली रेंज आहे तिथे, एसटी थांब्यावर किंवा बाजाराच्या गावी, उभं राहून रिचार्ज करा. पुण्यातला मुलगाही तिथूनच आई-बाबांच्या डब्याचा रिचार्ज करू शकतो. त्याला फक्त तो क्रमांक हवा. बाबांचा ओटीपी किंवा पिन त्याला मागावा लागत नाही. मुलाच्या नावाने फोन करून कोणी ओटीपी मागितला, तर हे आठवा.

बटणाच्या फोनवरूनही पैसे भरता येतात. यूपीआय वन-टू-थ्री-पे ही आवाजी सूचनांवर चालणारी सोय मार्च २०२२ मध्ये सुरू झाली आणि तिच्यावर रिचार्जचाही पर्याय आहे. पण ज्याला आकडे ऐकून लगेच दाबायची सवय नाही त्याने घरातल्या कोणाला तरी शेजारी बसवून पहिला व्यवहार करावा.

सोयाबीन-कापूस विकल्यावर एकदम सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा रिचार्ज करण्याची आपल्याकडे रीत आहे. हातात पैसा असतो तेव्हा ते सोयीचंही पडतं. तरी डबा जुना असेल तर तीन महिन्यांवर जाऊ नका. पहिल्या विजेच्या कडकडाटात डबा जळाला, की शिल्लक नव्या डब्यावर घेण्यासाठी कंपनीशी खेटे घालावे लागतात. ढग गडगडू लागले की छत्रीची वायर डब्यातून काढून ठेवा.

केबल असेल तर पैसे गावातल्या ऑपरेटरकडे जातात. त्याने घरी आणलेला किंवा दुकानात चिकटवलेला क्यूआर स्कॅन केल्यावर फोनवर येणारं नाव वाचा. ३० जून २०२५ पासून यूपीआय ॲपांनी, ज्याला पैसे जाणार त्याचं बँकेत नोंदलेलं नाव दाखवणं बंधनकारक आहे. क्यूआरवर कोणी दुसरं स्टिकर चिकटवलं असेल तर ते इथेच उघड होतं. पैसे दिल्यावर महिन्याचं नाव लिहिलेली पावती घ्या, निदान व्हॉट्सॲपवर तरी.

स्मार्ट टीव्हीवरचा क्यूआर

स्मार्ट टीव्हीतल्या ॲपांची वर्गणी घेताना पडद्यावर दोन पर्याय येतात: कार्डाचा नंबर टाका, किंवा क्यूआर स्कॅन करा. दुसराच निवडा. रीत अशी:

१. वर्गणीचा प्रकार टीव्हीवर निवडा आणि रक्कम व मुदत दोन्ही वाचा. 'दरमहा २४९' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात 'वार्षिक आकारणी' असू शकते.

२. फोनचा पडदा टीव्हीवर दाखवायला लावलेला (कास्ट केलेला) असेल तर आधी ते बंद करा. पिनचं पान बहुतेक ॲपं टीव्हीवर काळं दाखवतात, पण वरून येणारा ओटीपीचा मेसेज सगळ्यांना दिसतो.

३. यूपीआय ॲप उघडून त्यातल्याच स्कॅनरने क्यूआर वाचा. फोनच्या साध्या कॅमेऱ्याने वाचलं तर कधी कधी वेबपान उघडतं आणि ते पान खरं की खोटं हे ओळखणं अवघड जातं.

४. टीव्हीपासून चार-पाच फुटांवर उभं राहा. पडदा फार उजळ असेल तर क्यूआर पांढरा पडतो आणि स्कॅन होत नाही. खोलीतला दिवा लावा किंवा टीव्हीची ब्राइटनेस कमी करा.

५. फोनवर आलेलं नाव आणि रक्कम टीव्हीशी ताडून बघा. नावाच्या जागी एखाद्या व्यक्तीचं नाव दिसलं तर मागे फिरा. मोठ्या कंपनीचे पैसे व्यक्तीच्या खात्यात जात नाहीत.

६. पिन टाका, पण टीव्हीवर 'झालं' असं आल्याशिवाय रिमोटला हात लावू नका.

असा क्यूआर त्या एका व्यवहारापुरता बनलेला असतो आणि काही मिनिटांत मरतो. मधेच लाइन गेली तर घाबरू नका. पैसे फोनवरून जातात, त्यामुळे टीव्ही बंद पडल्याने पैसे अडकत नाहीत, फक्त टीव्हीवरची खूण दिसत नाही. लाइन आल्यावर नवा क्यूआर स्कॅन करण्याआधी यूपीआय ॲपात मागच्या व्यवहाराची स्थिती बघा.

लाइन जाऊन आल्यावर आणखी एक अडचण येते. स्वस्त टीव्ही आणि बॉक्समध्ये घड्याळ मागे पडतं, कधी थेट काही वर्षं. तारीख चुकली की ॲपाला समोरच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र अवैध वाटतं आणि 'कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा येतो. इशारा डावलून पुढे जाऊ नका. सेटिंग्जमध्ये तारीख व वेळ 'आपोआप, नेटवरून' करा आणि टीव्ही पुन्हा सुरू करा.

कार्डच वापरायचं असेल तर तो नंबर रिमोटने न टाकता फोनवर त्या ॲपाच्या खऱ्या वेबसाइटवर टाका. गावाकडची बरीच कार्डं ऑनलाइन चालत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २०२० पासून नव्या कार्डावर ऑनलाइन व्यवहार मुळात बंद असतो आणि तो ग्राहकाने स्वतः सुरू करायचा असतो. बँकेच्या ॲपातून तो सुरू करा, दिवसाची मर्यादा पाचशे-हजार ठेवा आणि काम झालं की पुन्हा बंद करा.

कोड टाकायचं पान आणि खोटी हेल्पलाइन

टीव्हीत ॲप उघडलं की सहा-आठ अक्षरांचा कोड दिसतो आणि तो फोनवर एका पत्त्यावर टाकायला सांगतात. ही पद्धत चांगली आहे, कारण पासवर्ड टीव्हीवर टाकावा लागत नाही. गडबड होते ती पत्ता शोधताना. लोक गूगलमध्ये ॲपाचं नाव आणि 'ॲक्टिव्हेट' लिहून पहिला दुवा उघडतात. तिथे हुबेहूब तसंच पान असतं. कोड टाकला की 'चूक झाली, या नंबरवर फोन करा' असं येतं आणि पलीकडचा माणूस गोड बोलून 'ॲक्टिव्हेशन फी' मागतो. टीव्ही ॲपाशी जोडायला कोणतीही फी नसते. टीव्हीवर दिसणारा पत्ता फोनच्या ब्राउझरमध्ये अक्षर न् अक्षर वरच्या पट्टीत लिहा किंवा टीव्हीवरचाच क्यूआर स्कॅन करा.

उलट बाजूही तेवढीच महत्त्वाची. कोणी फोन करून "हा कोड तुमच्या ॲपात टाका" म्हणाला, तर तो त्याचा टीव्ही तुमच्या खात्याला जोडतोय. स्वतःच्या घरातल्या पडद्यावर न दिसणारा कोड कधीच टाकू नका.

कंपनीचा नंबर डब्याच्या खोक्यावरून, जुन्या बिलावरून किंवा टीव्हीतल्या मदतीच्या पानावरून घ्या. बँकांचे सेवेचे फोन आता १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून येऊ लागले आहेत, आणि बँकांच्या वेबसाइटचा पत्ता 'डॉट बँक डॉट इन'ने संपतो. साध्या दहा आकडी मोबाइलवरून आलेल्या "मी कंपनीतून बोलतोय" या फोनवर पैशाचा एक शब्दही बोलू नका. तो एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर टाकायला सांगेल, कारण त्याला तुमचा पडदा पाहायचा असतो.

रिमोट हातात आला तरी पैसे जाऊ नयेत

पोरं रिमोटशी खेळता खेळता सिनेमा विकत घेतात किंवा चॅनल सुरू करतात. त्याला कुलूप घाला. गूगल टीव्ही किंवा अँड्रॉइड टीव्हीत प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये खरेदीसाठी पडताळणी हा पर्याय असतो. त्यात 'प्रत्येक खरेदीला' निवडा. फायर टीव्ही स्टिकमध्ये सेटिंग्ज, मग प्रेफरन्सेस, मग पॅरेंटल कंट्रोल्स असं जा, पाच आकडी पिन ठेवा आणि खरेदीला पिन लागेल असं करा. डीटीएचच्या डब्यातही पॅरेंटल लॉक असतो. त्याचा मूळ पिन बहुधा ०००० किंवा १२३४ असतो, तो पहिल्याच दिवशी बदला. हा पिन आणि यूपीआयचा पिन एकच ठेवू नका. टीव्हीचा पिन घरात सगळ्यांना कळणारच आहे.

आईला स्वतः वर्गणी भरायची आहे पण तिच्या खात्यात पैसे नाहीत, अशा घरांसाठी ऑगस्ट २०२४ मध्ये आलेलं यूपीआय सर्कल चांगलं आहे. मुलगा आपल्या खात्यातून आईच्या ॲपाला खर्चाची परवानगी देतो. एक तर महिन्याची मर्यादा ठरवून, जी जास्तीत जास्त १५,००० रुपये आणि एका व्यवहाराला ५,००० असते, किंवा प्रत्येक वेळी स्वतः पिन टाकून मंजुरी देतो. टीव्हीसाठी मर्यादा पाचशे ठेवली तरी पुरते.

ऑटोपे: एक रुपयाचं पान नीट वाचा

ऑटोपे म्हणजे एकदा पिन टाकून मंजुरी दिली की पुढचे पैसे आपोआप कापले जाणं. '१ रुपयात ७ दिवस' या योजनेत फोनवर येणारं मंजुरीचं पान समोर धरा. वर ठळक '₹१' असतं. त्याच्या खाली, बोटाने पान सरकवल्यावर, कमाल रक्कम, किती दिवसांनी कापणार, सुरुवातीची आणि शेवटची तारीख या ओळी येतात. कमाल रक्कम ९९९ आणि शेवटची तारीख वीस वर्षांनंतरची असेल, तर तुम्ही पिन टाकून तेवढ्याला मंजुरी देताय. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पुढच्या कापणीच्या २४ तास आधी सूचना यायला हवी आणि १५,००० रुपयांपर्यंतच्या कापणीला नव्याने ओटीपी किंवा पिन लागत नाही. सूचना इंग्रजीत येते आणि जाहिरातींच्या ढिगात हरवते, म्हणून तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहा.

बंद करताना दोन्हीकडून बंद करा. ॲपाच्या खात्यात जाऊन वर्गणी रद्द करा आणि यूपीआय ॲपात ऑटोपे किंवा मँडेटच्या (दिलेल्या मंजुऱ्यांच्या) यादीत जाऊन ती मंजुरीही रद्द करा. टीव्हीतून नुसतं ॲप काढून टाकलं तर पैसे कापणं थांबत नाही. सिम बदललं म्हणूनही थांबत नाही.

स्वस्त बॉक्स आणि फुकटची ॲपं

आठवडी बाजारात किंवा ऑनलाइन हजार-दीड हजारात 'सगळे चॅनल फुकट' असा बॉक्स मिळतो. अशा बिननावाच्या अँड्रॉइड बॉक्समध्ये कारखान्यातूनच घातक प्रोग्राम भरलेला सापडला आहे. बॅडबॉक्स नावाच्या अशा जाळ्याबद्दल अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२५ मध्ये जाहीर इशारा दिला होता. असा बॉक्स तुमच्या घरच्या वाय-फायमध्ये बसून दुसऱ्यांच्या गुन्ह्यांसाठी वाट करून देतो. घेण्याआधी त्याच्या प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये 'प्ले प्रोटेक्ट सर्टिफाइड' आहे का ते पाहा. नसेल तर त्यावर कोणतंही खातं उघडू नका.

टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये 'अननोन सोर्सेस' (प्ले स्टोअरबाहेरची ॲपं बसवू देणारा पर्याय) बंदच ठेवा. व्हॉट्सॲपवर येणारी 'एपीके' (ॲप बसवणारी) फाइल, मग ती क्रिकेट फुकट दाखवणारी असो की पीएम किसानची यादी सांगणारी, फोनवर उघडू नका. पैसे फोनवरून जातात म्हणून फोन स्वच्छ राहणं सगळ्यात महत्त्वाचं आहे. अशा फाइली एसएमएस वाचायची परवानगी मागतात आणि ओटीपी पुढे पाठवतात.

टीव्ही एक्सचेंजमध्ये देताना, दुरुस्तीला टाकताना किंवा नातेवाइकाला देताना आधी प्रत्येक ॲपातून साइन आउट करा आणि मग फॅक्टरी रीसेट करा. पडदा फुटलाय आणि काही दिसत नाही, तर फोनवरून त्या ॲपाच्या खात्यात जाऊन 'सगळ्या उपकरणांवरून साइन आउट' करा.

पैसे अडकले तर

व्यवहार 'पेंडिंग' दिसत असेल तर पुन्हा भरू नका. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार, यूपीआयने दुकानदाराला किंवा कंपनीला दिलेले पैसे खात्यातून गेले पण त्यांना पोचले नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत यायला हवेत. त्याहून उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. त्यासाठी ॲपातल्या त्याच व्यवहारावर जाऊन तक्रार नोंदवा आणि बारा आकडी यूटीआर (बँकेचा व्यवहार क्रमांक) लिहून ठेवा. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याची माहिती १४४४८ वर मिळते.

फसवणूक झाली तर

इथे पहिला तास फार मोलाचा असतो. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरवत राहतो, आणि ते फिरण्याआधी बँकेने रोखले तरच हाती येतात. लगेच १९३० वर फोन करा. लागला नाही तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार भरा आणि फोन लावत राहा. त्याच वेळी बँकेला कळवून खातं किंवा यूपीआय बंद करायला सांगा. बँकेने दिलेला तक्रार क्रमांक, तारीख आणि वेळ लिहून घ्या. १९३० वर बँकेचं नाव, रक्कम, वेळ, यूटीआर आणि समोरच्याचा मोबाइल किंवा यूपीआय आयडी विचारतात. हे हाताशी ठेवूनच फोन करा.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, तुमची चूक नसताना बाहेरच्याने पैसे काढले आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमच्यावर काहीच बोजा येत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर मूळ बचत खात्यावर ५,००० आणि साध्या बचत खात्यावर १०,००० रुपयांपर्यंतच तोटा तुमच्यावर येतो. ओटीपी किंवा पिन स्वतः सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचा तोटा तुमचा आणि कळवल्यानंतरचा बँकेचा. म्हणून लाज वाटून दोन दिवस गप्प बसू नका. घरात कोणी फसलं असेल तर आधी १९३० लावा, त्याला रागावणं मग बघू.

एक पुठ्ठा घ्या. त्यावर ठळक अक्षरात डब्याचा ग्राहक क्रमांक, कंपनीचा खरा फोन नंबर, बँकेच्या शाखेचा आणि कार्ड बंद करायचा नंबर, १९३०, आणि चालू ऑटोपेची पुढची तारीख लिहा. पिन आणि पासवर्ड त्यावर लिहू नका. तो पुठ्ठा टीव्हीच्या मागच्या भिंतीवर खिळ्याला टांगा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तो कुठे आहे ते आजच दाखवून ठेवा.